सहरीआधीचा नमुना

आमच्या घरात खोकल्याला आजार म्हणायची पद्धत नव्हती. तीन पिढ्यांचा गाद्यांचा धंदा. दिवसभर कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, टाके घालायचे आणि संध्याकाळी खोकायचं. सासरे खोकायचे, थोरले दीर खोकायचे, माझा नवराही खोकत आला. दुकानात नवं गिऱ्हाईक उभं असताना आतून खोकल्याची उबळ ऐकू आली की मी "कापूस आहे" एवढंच सांगायचे आणि गिऱ्हाईक समजून मान हलवायचं.

आमचं दुकान मुळशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बाजारपेठेत आहे. पूर्वी गावातल्या लग्नांच्या गाद्या असायच्या. आता निम्म्याहून जास्त काम मुठा आणि रिहे खोऱ्यांतल्या बंगल्यांचं. शनिवार-रविवार येणाऱ्या मंडळींना सगळं शुक्रवारी हवं असतं आणि मापं मात्र गुरुवारी कळतात. म्हणून कापूस यांच्याकडे आणि कागद माझ्याकडे, अशी आमची वाटणी. मापं, ऑर्डरी, टेम्पो, गिऱ्हाइकांचे फोन हे सगळं मी भिंतीवरच्या यादीत लिहिते आणि झालं की खोडते. यादी नसती तर आम्ही अजून पहिल्याच गादीचे टाके घालत बसलो असतो.

या हिवाळ्यात खोकला बदलला. आधी तो कामानंतर यायचा, आता कामाच्या आधीच यायला लागला. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. ताटात भाकरी उरायची. मोठी सुई चालवणारा माणूस एक गादी झाली की भिंतीला टेकून बसायचा आणि विचारलं की म्हणायचा, "वय झालं की." वय झालं म्हणून पायजम्याची नाडी एवढी आवळावी लागत नाही. मी एक दिवस यादीत रिह्याच्या उशा आणि दळण यांच्या मध्ये "दवाखाना" असं लिहिलं. यांनी ते वाचलं.

"मी काय दळान हाय व्हय, यादीत घालायला?"

"दळण तरी सांगितल्याबरोबर जातं," मी म्हटलं.

गेले नाहीत. शेवटी मी मुलीचा विषय काढला.

आमची एकुलती मुलगी महाळुंग्याला राहते. ती आणि जावई दोघंही आयटीत. तिला सातवा महिना लागत होता. सासर सोलापूरचं, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे पहिलं बाळंतपण आमच्याकडेच करायचं हे ठरून गेलं होतं. ईद झाली की गोद भरायची आणि तिला घरी आणायचं. वरची खोली मी रिकामीसुद्धा केली होती. पण गरोदर पोरगी आणि पुढे तान्हं बाळ अशा घरात आणायचं, जिथे एक माणूस दोन महिने खोकतोय?

मी सरळ सांगितलं, "तपासल्याशिवाय ती या उंबऱ्याच्या आत येणार नाही. मीच येऊ देणार नाही."

"माजी पोर, माजं घर, आन तू कोन आडवनारी?"

"तिची आई."

दुसऱ्या दिवशी हे स्वतःच चपला घालून सरकारी दवाखान्यात निघाले. मी मागून गेले, कारण डॉक्टरांना हे "लई काय न्हाई" एवढंच सांगतील याची मला खात्री होती. तसंच सांगितलं. बाकीचं मी सांगितलं. डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढला आणि टीबी आहे का ते पाहायला थुंकीची तपासणी लिहून दिली.

टीबी हा शब्द आमच्या घरात नवा नव्हता. थोरल्या दिरांना झाला होता. गोळ्या घेतल्या, बरं वाटलं, सोडल्या, पुन्हा घेतल्या. मग त्या गोळ्या त्यांना लागूच पडेनात. तेव्हा नमुना पुण्याला जायचा आणि कुठलं औषध चालेल हे कळायला इतके दिवस लागायचे, की कळलं तोवर फार उशीर झाला होता. त्यांच्याबद्दल यांनी डॉक्टरांना काही सांगितलं नाही. तेही मीच सांगितलं. यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

लॅबमध्ये तिशीची एक मुलगी होती. सगळे तिला ताई म्हणत होते. तिने झाकणाची डबी दिली आणि समजावलं, "काका, उद्या सकाळी उठल्याउठल्या, काही खायच्या आधी. चूळ भरायची, मोकळ्या हवेत उभं राहायचं, खोल श्वास घेऊन खोकायचं. नुसती थुंकी नको, छातीतला बेडका पाहिजे. हल्ली पुण्याला पाठवायची गरज नाही. आपल्या इथेच मशीन आहे, दुपारपर्यंत सांगते."

यांनी शाळेतल्या मुलासारखी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मला गाद्या घेऊन रिह्याला जायचं होतं. बंगल्याचे मालक वाट बघत होते. हे म्हणाले, "डबी मीच नेऊन देतो, येवडं बी कळत न्हाई का मला?" मी टेम्पोत बसले.

रिह्याला गाद्या उतरवून होतात तोच मुलीचा फोन आला. गाडीचा आवाज येत होता.

"अम्मी, मी निघालेय! आज इफ्तार तुमच्याकडे."

"कुठे निघालीस?"

"घरी. अब्बांचा फोन आला ना. रिपोर्टमध्ये काहीच निघालं नाही म्हणाले. मी हाफ डे टाकला. तुला सांगितलं नाही का त्यांनी?"

मला सांगितलं नव्हतं. मी यांना फोन लावला. आवाज कधी नव्हे तो खणखणीत होता.

"आगं, मशीनीत काय बी निघालं न्हाई. मी इचारलं, टीबी निघाली का? ती म्हनली न्हाई, काय बी आलं न्हाई. झालं की! मशिदीत सांगून बी आलो सगळ्यांस्नी."

"कागद दिलाय ना? त्याचा फोटो पाठवा."

"तुला माज्यावर इश्वासच न्हाई."

"फोटो पाठवा."

फोटो आला. त्यात निगेटिव्ह असं कुठेच नव्हतं. इनव्हॅलिड असं होतं. आमच्या धंद्यात कापड मापात बसलं नाही तर ते चुकलं म्हणतो. पण मापाची टेपच तुटली असेल तर कापडाबद्दल काय बोलणार? मला तसंच काहीतरी वाटलं. मी लॅबच्या ताईला फोन केला.

ती म्हणाली, "काकू, बरं झालं फोन केलात. निकाल आलाच नाही. टीबी आहे असंही नाही, नाही असंही नाही. मी काकांना सांगत होते की उद्या पुन्हा डबी द्या, पण ते शुक्रिया म्हणाले आणि निघालेसुद्धा."

मुलगी नांद्यावरून घोटवड्याकडे येत होती. रिह्याहून मला तो रस्ता जवळ होता. मी तिला घोटवड्याला थांबायला सांगितलं आणि टेम्पोवाल्याला गाडी तिकडे घ्यायला लावली.

ती रसवंतीच्या बाकावर बसली होती, ओढणीने वारा घेत. पोट एवढं दिसत होतं की मी आधी तेच बघत राहिले. मग सगळं सांगितलं.

"म्हणजे टीबी आहे?"

"माहीत नाही. माहीत नाही म्हणूनच परत जायचं."

"अम्मी, मी इथपर्यंत आलेय. दारातून बघते त्यांना. मास्क लावते."

"तुझे अब्बा दारातून बघू देतील? ओढून आत नेतील आणि ताटात सगळ्यात मोठी भजी वाढतील."

तिला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. "आणि झाला असला तर? मी काय सोलापूरला जाऊ? माझं नाव इथल्या हॉस्पिटलमध्ये आहे. की त्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच सगळं करायचं?"

"उद्या कळेल. कळल्यावर ठरवू."

"तू माझ्याशी पण गिऱ्हाइकाशी बोलतेस तशी बोलतेस."

"गिऱ्हाइकाला मी एवढं खरं सांगत नाही," मी म्हटलं. तिने रस संपवला. माझा रोजा होता, मी नुसती बसले. टेम्पोत दोन उशा जास्तीच्या होत्या, बंगलेवाल्यांनी रंग नको म्हणून परत केलेल्या. त्या तिच्या गाडीत टाकल्या आणि पायाखाली घेऊन झोप म्हणून सांगितलं. गाडी वळून महाळुंग्याकडे गेली तेव्हा तिने काच खाली केली नाही. रागावली होती. रागावलेली चालेल, असं मी मनात म्हटलं आणि गावाकडे निघाले.

यांना घेऊन मी तशीच दवाखान्यात गेले. हे वाटेत माझ्या दोन पावलं पुढेच चालले. पोरगी अर्ध्या रस्त्यातून परत पाठवली, हे यांना टीबीपेक्षा जास्त लागलं होतं.

ताईने आम्हाला शांतपणे समजावलं. नमुन्यातून जंतूंचा अंश वेगळा काढायचा, त्याचा एक बारीक थेंब चिपवर टाकायचा आणि ती चिप मशीनमध्ये सरकवायची. आत ती तापते, थंड होते, पुन्हा तापते. त्यात क्षयाच्या जंतूचा अंश असेल तर त्याच्या नकला होत जातात आणि पडद्यावर रेघ वर चढते. "पण आणखी एक रेघ असते," ती म्हणाली. "ती मशीनची स्वतःची. आजार असो नसो, ती चढायलाच पाहिजे. ती चढली तर तपासणी नीट झाली. काकांच्या वेळी तीच चढली नाही. नमुन्यात काहीतरी होतं, त्याने काम अडलं." मग तिने यांना विचारलं, "काका, उठल्याउठल्याच दिला होता ना?"

"व्हय. आठाला उठलो आन तसाच माळवदावर गेलो."

"काही न खाता?"

"रोजा हाय, खानार कुटनं?"

ताईने मान हलवली आणि पुढचं विचारायला तोंड उघडलं. मला तेवढ्यात लख्ख कळलं. घरात रमजान असताना माणूस दोनदा उठतो. पहाटे सहरीला उठतो, पोटभर जेवतो, फजरची नमाज पढतो, पुन्हा आडवा होतो आणि मग सकाळ होते. यांच्या हिशेबात सहरीचं उठणं हे उठणं नव्हतंच. ती रोजाची तयारी.

"आणि सहरीला काय खाल्लंत?" मी विचारलं.

"तूच वाढलं की. भाकरी, मटनाचा रस्सा, दही. वर खजूर."

"आणि चूळ?"

यांनी आवाज खाली आणला. "पानी घशाखाली गेलं तर? म्हनून वठ तेवडं वलं केलं."

ताई खुर्चीत मागे टेकून हसली. चिडवायचं हसू नव्हतं, कोडं सुटल्याचं होतं. "काका, म्हणजे मशीनला तुम्ही रस्सा पाठवलात!"

"मशीन शाकाहारी हाय का?" यांनी विचारलं. दोन दिवसांत पहिल्यांदा हे असं काही बोलले.

"मी रोजाचं विचारायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "आता असं करा. पहाटे सहरीला उठाल, तेव्हाच. आधी खळखळून चुळा. तेव्हा रोजा सुरू झालेला नसतो, पाणी प्यालात तरी चालेल. मग नमुना. मग जेवण."

दुसऱ्या दिवशी तसंच केलं. मी दूध तापवत होते आणि वर माळवदावर यांचा खोकला ऐकू येत होता, खोल, छातीच्या तळातून आलेला. डबी मी झाकण आवळून, दोन पिशव्यांत घालून न्हाणीच्या खिडकीत गार जागी ठेवली आणि दवाखाना उघडायच्या वेळेला दोघंही दारात हजर झालो. या वेळी गिऱ्हाइकांना मी शनिवारी फोन करा म्हणून सांगून टाकलं होतं.

ताईने आम्हाला दारातून चिप दाखवली. मला वाटलं होतं मोठं काहीतरी असेल. पांढऱ्या प्लॅस्टिकचा, बोटाच्या पेराएवढा तुकडा, मधे इवलीशी खाच. त्या खाचेला बोट लावायचं नाही, असं तिने सांगितलं. मशीनही आमच्या शिलाई मशीनपेक्षा लहान, टेबलावर, पाण्याच्या बाटलीशेजारी. यासाठी थोरल्या दिरांचा नमुना पुण्याला जायचा. तेव्हा हे रोज एसटी स्टँडवर जाऊन चौकशी करायचे, जणू निकाल एसटीनेच येणार होता. बाकावर बसल्याबसल्या यांनी हे मला सांगितलं. इतकी वर्षं संसार करून ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली.

पहिला निकाल आला. मशीनची रेघ नीट चढली होती. आणि तिच्याबरोबर दुसरीही.

"टीबी आहे, काका," ताई म्हणाली.

 यांनी विचारलं, "भावाचाच हाय का?"

प्रश्न विचित्र होता, पण डॉक्टरांनी कागदावर थोरल्या दिरांचं लिहिलं होतं, त्यामुळे ताईला कळला. "तेच आता बघतेय. त्याच नमुन्यातून दुसरी चिप लावते. मुख्य औषध लागू पडेल की नाही, ते ती सांगते. तासाभराचं काम आहे."

तो तास कसा गेला ते मला यादीत मांडता येणार नाही. माझ्या डोक्यात दोन रस्ते होते आणि दोन्हीकडची कामं मी मनातल्या मनात मांडत होते. औषध लागू पडत असेल तर एवढं एवढं. पडत नसेल तर मुलीला सोलापूर, यांना पुणे, दुकान बंद. दुसऱ्या रस्त्यावर माझी कामं संपेनात. मधेच लाइट गेली. पंखा थांबला, मशीनच्या खोलीत अंधार झाला आणि मी उठून उभीच राहिले.

"बसा काकू," आतून आवाज आला. "त्याला बॅटरी आहे."

हे शेजारी डोळे मिटून तसबीहचे मणी ओढत होते. एक डोळा उघडून म्हणाले, "बस की. तू हुबी राहून ती रेघ चढनार हाय का?"

लाइट यायच्या आधी निकाल आला. ताई स्वतः बाहेर आली. कागद हातात होता, पण तिने तो दिला नाही, आधी सांगितलं. "औषध लागू पडतं. नेहमीच्या गोळ्यांनी बरे होणार तुम्ही. फक्त एकही दिवस चुकवायचा नाही."

यांनी तोंडावरून दोन्ही हात फिरवले. मला वाटलं मी रडेन. पण मी विचारलं, "गोळ्या किती वाजता?" ताई पुन्हा हसली.

डॉक्टरांनी बाकीचं सांगितलं. गोळ्या रोज सकाळी, वेळेवर, पाण्याबरोबर. यांनी रोजाचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, ते तुमच्या मौलवींना विचारा, पण माझं मत अंगात ताकद येईपर्यंत नको. मौलवींनीही तेच सांगितलं. हे घरी येऊन मला म्हणाले, "दोगं बी तुज्याकडूनच शिकून आले वाटतं." मी, दुकानात यांच्या हाताखाली असलेला कारागीर, सगळ्यांनी तपासून घ्यायचं ठरलं. आणि मी मुलीचं विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी कॅलेंडर बघितलं. औषध नीट चाललं तर काही आठवड्यांत दुसऱ्याला लागण व्हायची भीती खूप कमी होते, म्हणाले. तोवर थांबा, पुन्हा दाखवा, मग मी सांगतो. बाळंतपणाला अजून वेळ आहे ना? वेळ होता. कापूस कापूस म्हणत आणखी दोन महिने काढले असते, तर नसता.

बाहेर येऊन मी मुलीला फोन लावला.

"पॉझिटिव्ह आहे," मी म्हटलं.

"मग तू हसतेस का?"

मी हसत होते हे मला तोवर कळलं नव्हतं. तिला सगळं सांगितलं, दुसऱ्या चिपचंसुद्धा. तिने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "उशा बऱ्या आहेत. पाय सुजायचे थांबलेत." म्हणजे राग गेला.

त्यानंतर मला सुचतात ती सगळी कामं मी केली. यांचा पलंग खिडकीशी नेला, खिडकी दिवसरात्र उघडी. मास्क दाराशी खिळ्याला. पिंजायचं काम कारागिराकडे, आणि हे पुढे गल्ल्यावर, गिऱ्हाइकांशी बोलायला. त्यात यांना एवढी गोडी लागली की एक जण गादी न्यायला आला आणि टीबीची माहिती घेऊन गेला. माझी आणि कारागिराची तपासणी स्वच्छ निघाली. मुलीला तिच्या डॉक्टरीणबाईंनी काही काळजी नाही म्हणून सांगितलं. ईदेला ती आली नाही. शीरखुर्मा टेम्पोने गेला आणि फोनवर हे तिला वाटीत काजू किती आहेत ते मोजायला लावत होते.

संध्याकाळचा ताप कधी गेला ते आम्हाला नेमकं सांगता येणार नाही. एक दिवस मी कपाळाला हात लावला आणि ते नुसतं कपाळ होतं. भाकरी उरेनाशी झाली. पुन्हा तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, आता आणा लेकीला. झोपायची खोली वेगळी असू द्या, खिडक्या उघड्या ठेवा आणि गोळ्या संपेपर्यंत एकही चुकवू नका.

ती रविवारी आली. जावयाने बॅगा उतरवल्या. हे दुकानाच्या पायरीच्या पार टोकाला, मास्क लावून, हात पाठीमागे बांधून उभे. परक्याच्या लग्नाला आल्यासारखे.

"अब्बा, किती लांब उभे राहणार?"

"तुजी अम्मी म्हनंल तितकं."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. शेजारचा भांड्यांचा दुकानदारही काम सोडून बघत होता.

"डॉक्टरांनी सांगितलंय," मी म्हटलं. "चला आत. ऊन लागतंय तिला."

हे पायरी उतरून आले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग तिच्या हातातली पाण्याची बाटली काढून घेतली, बाकीचं सामान जावयाला घ्यायला सांगितलं, आणि तिला पुढे घालून घरात गेले.